उगवतीचा कोपरा

१

पंजाबचा तो उंचापुरा खेळाडू पडला, तेव्हा वसंत जिमखान्याच्या शामियान्यात बसलेली सगळी मंडळी एकदम उभी राहिली. प्रतिभा खोडे तेवढी बसून राहिली. गेला तासभर ती चेंडूकडे बघतच नव्हती. एक नंबरच्या कोर्टाचं उत्तरेकडचं टोक आणि त्यातला उगवतीचा कोपरा, एवढ्यावरच तिची नजर खिळलेली होती. आणि पोरगा पडला तो नेमका तिथेच.

मातीच्या टेनिस कोर्टावर खेळाडू घसरतात, मुद्दाम घसरतात, त्यात नवल नाही. याचा पाय मात्र घसरता घसरता घोट्यापर्यंत आत रुतला आणि अंग पुढे गेलं. गुडघा मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू आला, असं लोक नंतर सांगत सुटले. लोक काय, काहीही सांगतात. पण त्याची किंकाळी मखमलाबाद रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीसुद्धा ऐकली, हे खरं.

चौघांनी त्याला उचलून नेलं. पंचांनी सामना ओम खोडेला दिला. देशभरातले पोटापाण्यासाठी खेळणारे खेळाडू जमलेल्या स्पर्धेत नाशिकचा पोरगा अंतिम फेरीत गेला, म्हणून टाळ्यांचा कडकडाट झाला. ओम म्हणजे प्रतिभाचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलेला. एरवी तिने टाळ्यांनी हात लाल करून घेतले असते. आज तिने एकही टाळी वाजवली नाही.

कारण हे सगळं तिला आदल्या दिवशीच कळलेलं होतं. दिवेलागणीला घरचा फोन वाजला होता आणि कापडातून यावा तसा एक दबका आवाज म्हणाला होता, "उद्या ओम जिंकेल. समोरचा उगवतीच्या कोपऱ्यात पडेल." एवढं बोलून फोन बंद.

२

तो पहिला फोन नव्हता. दोन दिवसांपूर्वी त्याच आवाजाने सांगितलं होतं, "कलकत्त्याचं पोरगं उद्या मद्रासवाल्याला हरवेल." मद्रासचा खेळाडू स्पर्धेतला पहिल्या मानांकनाचा, त्याला कोण हरवणार? प्रतिभाने ते कोणा रिकामटेकड्याचं काम म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तो हरला, तेव्हा तिला तो फोन आठवला.

आणि आज, ओमच्या विजयाचे पेढे अजून ताटात होते, तोच फोन पुन्हा वाजला. तिला उचलायचा नव्हता. पण वाजणारा फोन न उचलणं तिला त्याहून भयंकर वाटलं.

"ओम जिंकेल," आवाज म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. "पण आपल्या पायांनी बाहेर यायचा नाही. त्याला खेळू देऊ नको."

"कोण बोलतंय? अहो, कोण तुम्ही?"

फोन बंद झाला. तिच्या हातातून रिसीव्हर सुटला आणि वायरीला लोंबकळत राहिला. तो परत जागेवर ठेवायचंही धैर्य तिला झालं नाही.

ओमने ऐकलं आणि तो हसला. "ताई, जिंकणार म्हणतोय ना? मग झालं तर!"

अण्णा, म्हणजे मोतीराम खोडे, झेंडूच्या रिकाम्या पाट्या घेऊन फूलबाजारातून आले. प्रतिभाने त्यांनाही सांगितलं. ते पाटी धरून दारातच उभे राहिले.

"नको खेळू बाबा उद्या," ते म्हणाले. "एक डाव नाय खेळला तर काय बिघडतंय?"

"अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा फायनल आलीय. पाय मोडला तरी खेळणार मी!"

अण्णांनी पाटी खाली ठेवली. भाकरीला हातही न लावता मागच्या ओट्यावर जाऊन बसले.

प्रतिभाने चपला घातल्या आणि समोरच्या घरातल्या जयरामकाकांना गाठलं. जयराम केदार विमा कंपनीचे सर्वेक्षक. गारपिटीत द्राक्षबाग खरंच झोडपली गेली की मालक उगाच रडतोय, हे बघण्यात त्यांची उमर गेली. त्यामुळे देवाने येऊन काही सांगितलं तरी हा माणूस त्याला पंचनामा मागेल, अशी त्यांची ख्याती. तिची हकिकत त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकली.

"धमकी देणारा काहीतरी मागतो, प्रतिभा," ते शेवटी म्हणाले. "हा काय मागतोय?"

"ओमला खेळू देऊ नका म्हणतोय."

"मग ते पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? आधी दुसऱ्यांच्या सामन्यांची भाकितं कशाला केली?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "सकाळी जिमखान्यावर जाऊ. तोवर ओमला घराबाहेर सोडू नकोस. आणि तूही जरा पड. तुझा चेहरा बघवत नाही."

३

रविवारी सकाळी जिमखान्यावर लगीनघाई होती. अंतिम सामना चारला.

सचिव दिनेश बागड सोफे लावून घेत होते. पाहुणे मोठे येणार, धूळ उडता कामा नये, म्हणून आज पाण्याचा दुप्पट मारा करायचं त्यांनी फर्मान काढलं होतं. कालच्या खड्ड्यात माती भरून वरून चोपून झालं होतं. काकांनी कालच्या अपघाताची गोष्ट काढताच ते उसळले.

"अपघात कसला? पोचट माती होती, भरली. तुम्ही स्पर्धेला अपशकुन करू नका हो!" आणि बोलता बोलता त्यांनी पाहुण्यांचा सर्वांत मोठा सोफा उगवतीच्या कोपऱ्याच्या अगदी मागे, कोर्टाच्या मातीवरच ठेवून घेतला. त्यावर स्वतः बसून बघितलं, पुढे वाकून पाय आपटूनही बघितले.

प्रतिभाला वाटलं, हाच असेल. कालचा अपघात इतक्या निर्लज्जपणे झटकून टाकणारा माणूस काहीही करू शकेल.

ओमचा प्रशिक्षक चंदर नेटची पट्टी ताणत होता. जिमखान्यात त्याला सगळे चंदरमामा म्हणत. ओमच्या हाती रॅकेट दिली ती त्यानेच.

"मामा, उत्तरेच्या त्या कोपऱ्यात असं काय आहे?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बॅकहँडचा कोपरा म्हणताय का? काही नाही. बॉल मरतो तिथे. उसळतच नाही."

"मग फायदा कोणाला होतो?"

चंदरमामा हसला. "डावखुऱ्याला. त्याचा फोरहँड तिरका गेला की बरोबर तिथेच पडतो. आपला ओम डावखुरा. कलकत्त्याचा पोरगाही डावखुरा, म्हणून तर त्याने मद्रासवाल्याला लोळवलं. काल दोन नंबरच्या कोर्टावर गेला आणि बंगलोरच्या पोराकडून सपाटून मार खाल्ला त्यानं."

"त्या सामन्याचा फोन आला होता?" काकांनी हळूच प्रतिभाला विचारलं. तिने मान हलवली. नव्हता आला.

चंदरमामाने उत्तर देता देता स्टूल ओढलं, त्याच कोपऱ्यात ठेवलं आणि निवांत विडी पेटवली. काकांनी ते नीट बघून घेतलं. प्रतिभाला मात्र भलतंच सुचलं. पोराचा गुरू, सगळी माहिती असलेला, आणि ओम जाईल तिथे सोबत जाणारा. तिला चंदरमामाचीही भीती वाटायला लागली. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्या भरवशावर भाऊ सोडला, त्याच्याकडे ती चोरून बघत होती आणि स्वतःचीच लाज वाटत होती.

राहिला लखन. पेठकडचा, कोर्टाला पाणी मारणारा. तो पाइप धरून कोपऱ्यातच उभा होता.

"बाई, ह्या कोपऱ्याचं काय इचारू नगा," तो म्हणाला. "सगळीकडं पानी मारलं का चिखल व्हतो. हितं कितीबी मारा, पिऊन टाकतंय. दोन घटकंत कोरडं. आन् अजून एक हाय..." त्याने आवाज खाली आणला. "दर आवसंला कुंपनाच्या भायेर कुनीतरी हळदकुंकू टाकून जातंय. झेंडूची फुलं, दहीभात. सात खडे मांडतंय, शेंदूर लावून. करनी हाय बाई, करनी!"

प्रतिभा दोन पावलं मागे सरली.

"तू भीत नाहीस?" काकांनी विचारलं.

"दिसा कसली भीती? दुपारचा हितंच तर आडवा होतो मी. गार लागतंय."

४

काका तिला घेऊन बाहेरच्या चहाच्या टपरीवर आले. तिच्यासमोर कप ठेवला, पण तिने तो उचललाच नाही.

"करणी वगैरे सोड," काका म्हणाले. "करणीवाला लिंबू ठेवतो, टाचण्या टोचतो. सात खडे, शेंदूर आणि दहीभात आपल्याकडे कुठे मांडतात? तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, मी कारकुनाचा."

"विहिरीवर," प्रतिभा चटकन म्हणाली. "साती आसरांना. पाण्याच्या देवी असतात त्या, सात बहिणी. ज्या विहिरीत त्यांचा वास असतो तिच्या काठावर खडे मांडतात." तिने जिमखान्याच्या कुंपणाकडे बघितलं. "पण काका, तिथे विहीर नाही."

"चेंडू उसळत नाही. पाणी मुरतं आणि दिसेनासं होतं. माणसाचा पाय आत जातो. तिथे खाली काय आहे, प्रतिभा?"

खाली पोकळी होती. त्या सोफ्याखाली, त्या स्टुलाखाली, आणि चार वाजता ओम जिथे धावणार होता तिथे.

"आता फोनवाला," काका म्हणाले. "त्याला या पोकळीची माहिती आहे. रोज पाणी मुरतंय, जमीन खचणार, हे त्याला कळतंय. उघड सांगता येत नाही, आणि नुसतं खेळू नका म्हटलं तर कोण ऐकणार? म्हणून त्याने आधी भाकितं केली. दोन खरी ठरली की तिसऱ्यावर तुझा विश्वास बसेल. भाकितं तरी कसली? एक नंबरच्या कोर्टावर डावखुरा जिंकणार, आणि त्या पोकळ मातीत धावणारा कधीतरी पडणार, एवढंच. तो ओमचा वैरी नाही, पोरी. तुझ्याइतकाच घाबरलेला कोणीतरी आहे."

"पण कोण?"

"सचिव नाही. माहीत असतं तर पाहुण्यांचा सोफा तिथे मांडून वर पाय आपटून बघितले नसते. चंदर तिथे विडी ओढत बसतो, लखन तिथे झोपतो. खाली विहीर आहे हे ज्याला माहीत आहे तो तिथे पाऊलही टाकणार नाही. शिवाय 'उगवतीचा कोपरा' असं टेनिसवाला म्हणत नाही, तो बॅकहँड म्हणतो. उगवत-मावळत शेतकऱ्याच्या तोंडी येते. ही जमीन जिमखान्याच्या आधी कोणाची होती?"

प्रतिभाने डोळे मिटले. जमीन त्यांचीच होती. ओम लहान असताना अण्णांनी, विहीर बुजवली म्हणून सांगून, खालचं शेत जिमखान्याला दिलं आणि बदल्यात पोराला जन्मभर फुकट खेळायची मुभा मागून घेतली. अण्णा ओमचा एकही सामना चुकवत नाहीत. आणि इतक्या वर्षांत ते कायम मावळतीच्या जाळीबाहेर उभे असतात, एकदाही आत आलेले नाहीत.

"आवाज ओळखला नसता का मी?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तुमच्याकडे फोन येऊन वर्ष झालं. अण्णांना तू कधी फोनवर ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. अण्णा त्या यंत्राला हातही लावत नसत. दिवेलागणीला ते रोज फूलबाजारात असत आणि बाजाराच्या तोंडालाच पिवळ्या पाटीचा फोनबूथ होता. अनोळखी माणसाची भीती कालपासून तिच्या मानेवर बसली होती. आता ती उतरली आणि तिच्या जागी तिला घरातल्या माणसाची भीती वाटायला लागली. ती कितीतरी वाईट होती.

दोघं घरी धावत गेले तर ओम केव्हाच निघून गेलेला. मागच्या दाराने सटकला होता लबाड. अण्णाही नव्हते. बागड नुसत्या तर्कावर ऐकणारे नव्हते, म्हणून दोघांना शोधत गावभर हिंडून ते जिमखान्यावर परतले, तेव्हा चार वाजून गेले होते.

५

सामना सुरू झाला होता. ओम दक्षिणेच्या टोकाकडून खेळत होता आणि त्याचा प्रत्येक तिरका फटका उगवतीच्या कोपऱ्यात जाऊन मरत होता. लोक नाचत होते. पहिला गेम संपला की खेळाडू टोकं बदलतात, मग ओम त्या कोपऱ्यात उभा राहणार होता.

अण्णा मावळतीच्या जाळीशी उभे होते. दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांनी जाळी अशी धरली होती की पेरं पांढरी पडली होती.

"मोतीरामभाऊ," काका शांतपणे म्हणाले, "जरा त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहता का? सोफ्याच्या पुढे. दोनच मिनिटं."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग प्रतिभाकडे. तिच्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं.

"माझ्याच्यानं नाय व्हायचं," ते म्हणाले.

"अण्णा, खाली विहीर आहे ना?"

"हाय." ते जाळीलाच टेकले. "बुजवून द्या म्हणाले व्हते. आसरांची हीर कशी बुजवायची पोरी? त्यांचा श्वास कोंडायचा का आपन? बाभळीचे ओंडके टाकले, वर फरशा, वर माती. बुजवली म्हनून सांगितलं. आता वरून रोज पानी... ओंडके कुजले. परवा मला हितून भेग दिसली."

"मग ओरडून का नाही सांगितलंत? कोणी तुम्हाला फासावर नेलं नसतं, अण्णा! ओम..."

अण्णांनी मान खाली घातली. ते काय लपवतायत हे त्या घटकेला तिला कळलं नाही, आणि विचारायला वेळही नव्हता. पहिला गेम संपला होता. ओम टॉवेल खांद्यावर टाकून उत्तरेकडे निघाला होता.

प्रतिभा शाळेत मुलींना कवायत शिकवायची. शामियान्याच्या मधून, पाहुण्यांच्या पायांवरून, पंचांच्या खुर्चीखालून ती अशी सुटली की तिला कोणी अडवायच्या आत तिने ओमचा दंड धरला आणि त्याला मागे खेचलं.

"सोड ताई! वेड लागलंय का?"

"लागलंय! एक पाऊल पुढे टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

एकच गोंधळ उडाला. दिनेश बागड लालबुंद होऊन धावले. पोलीस बोलावतो, जिमखान्याची अब्रू गेली, असं बरंच काही ते बोलले. जयरामकाकांनी त्यांना बोलू दिलं, आणि त्यांची धाप लागल्यावर म्हणाले, "पाहुण्यांना सोफ्यावरून उठवा. तो कडुलिंबाखालचा दगडी रोलर घ्या, लांब दोर बांधा आणि पलीकडच्या बाजूने त्या कोपऱ्यावरून ओढा. काही झालं नाही तर मी तुमच्या पाया पडून माफी मागेन."

"दिवाळीनंतर फिरवलाय की तो तिथून. काय झालं?" बागड म्हणाले.

"तेव्हा रोजचं पाणी नव्हतं. ओढा."

लखन, चंदरमामा आणि आणखी चारसहा जणांनी दोर धरला. रोलर घरंगळत रेषेपर्यंत आला, रेषेवरून पुढे गेला. बागड तोंड उघडून काही बोलणार, तोच जमिनीतून कडकड असा आवाज आला आणि रोलर होता तिथे राहिलाच नाही. दोराने लखनचे हात सोलून निघाले. किती तरी वेळाने, खरंच किती तरी वेळाने, खालून पाण्याचा आवाज आला. मागोमाग पाहुण्यांचा सोफाही कलंडत, सावकाश, आत गेला.

बागड होते तिथेच मातीत बसले. ओमने ताईचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या फुटल्या.

६

राहिलेला सामना सोमवारी सकाळी दोन नंबरच्या कोर्टावर पहिल्यापासून खेळवला. फारसं कोणी आलं नव्हतं, गावातली सगळी गर्दी विहीर बघायला लोटली होती. अण्णा मात्र आले. कुंपणाच्या आत आले, आणि खुर्चीवर बसले.

या कोर्टावर चेंडू सगळीकडे सारखाच उसळत होता. ओमचे तिरके फटके कोपऱ्यात पडत होते, उसळत होते, आणि बंगलोरचा पोरगा ते आरामात परत पाठवत होता. प्रत्येक वेळी ओम क्षणभर थांबून त्या चेंडूकडे बघायचा. हा मेला कसा नाही, असा काहीसा भाव त्याच्या तोंडावर होता. सहा-तीन, सहा-एक. तासाभरात सगळं आटोपलं.

तो बाहेर आला आणि अण्णांसमोर उभा राहिला. "तुम्हाला हेपण माहीत होतं."

"व्हय," अण्णा म्हणाले. "तू आठ वर्साचा व्हता तवापासून त्याच कोपऱ्यात मारतूस. जाळीतून बघतच व्हतो की मी. हीर हाय म्हनून सांगितलं असतं, तर तू जिंकतूस कशानं तेबी सांगावं लागलं असतं. मग म्हनलं, फोनच करू. भिऊन राहील घरी, पन जिंकलेलाच राहील."

ओमने रॅकेट खाली टाकली नाही की आरडाओरडाही केला नाही. तसं केलं असतं तर प्रतिभाला सोसलं असतं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि बुटांवरची माती बोटाने काढत राहिला.

"ताई, खरं सांग. मला खेळता येतं का गं?"

गेले चार दिवस ती घाबरून मेली होती, पण या प्रश्नाइतकी भीती तिला कशाचीच वाटली नव्हती. खोटं बोलणं सोपं होतं. अण्णांनी तेच तर केलं होतं, इतकी वर्षं, आणि तेही प्रेमापोटीच.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण आज चार गेम घेतलेस ना, ते तुझे. ते कोणत्या विहिरीने दिलेले नाहीत."

अण्णांच्या तोंडाकडे बघायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं. मग ओम उठला आणि नेट गुंडाळत असलेल्या चंदरमामाजवळ जाऊन त्याने विचारलं, की दोन नंबरचं कोर्ट उद्या सकाळी मोकळं आहे का.